नवीन दत्तक कुत्रा आणि घरातली शू-शी : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ओळखीत कोणी कुत्रा दत्तक घेतला की पहिल्या आठवड्यात मला जे फोन येतात ते बहुतेक याच विषयावरचे असतात, आणि तेच तेच सांगून आता तोंड दुखायला लागलंय म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय. मी व्हेट म्हणजे प्राण्यांची डॉक्टर नाही, ट्रेनरही नाही. कायमचं घर मिळेपर्यंत कुत्र्यांना आमच्याकडे ठेवून घेते, त्यामुळे फरशी पुसण्याचा अनुभव मात्र दांडगा आहे. इथे साधारण ४ महिने ते दीड वर्ष या वयाचे कुत्रे डोळ्यासमोर ठेवलेत, अगदी लहान पिल्लांचं जिथे वेगळं असतं तिथे तसं म्हटलंय.

आणताना सांगितलं होतं की याला घरात न करायची सवय आहे. मग आमच्याकडे का करतोय? फसवलं का आम्हाला?

बहुतेक वेळा कोणी फसवलेलं नसतं. आपल्या डोक्यात "घर" ही एक कल्पना आहे, घर म्हणजे कुठलंही घर. कुत्र्याच्या डोक्यात ती नाही. त्याला माहीत असतं ते अमुक दरवाज्यातून बाहेर जायचं आणि अमुक मातीवर करायचं. तो दरवाजाच बदलला, माणसं बदलली, बाहेर कसं सांगायचं तेही माहीत नाही, मग तो काय करणार बिचारा.

दुसरं म्हणजे पायाखाली काय लागतं याची सवय. पिल्लू साधारण ३ आठवड्यांचं होईपर्यंत आईच त्याला चाटून शू-शी करवते आणि साफही तीच करते. नंतर पिल्लं झोपायच्या जागेपासून जरा लांब जाऊन करायला लागतात, आणि ८-९ आठवड्यांच्या सुमाराला कशावर करायचं ही आवड पक्की व्हायला लागते. आता जो कुत्रा सिमेंटच्या कप्प्यात वाढलाय आणि तिथेच करायची ज्याला सवय आहे त्याला तुमची टाइलची फरशी अगदी योग्य जागा वाटते, आणि जो गवतावर वाढलाय तो सरळ गालिचा गाठतो. तुम्हाला वाटतं महागाचा गालिचा बघूनच केलं, तर त्याला फक्त पायाला मऊ लागलं.

म्हणून कोणी काहीही सांगितलेलं असो, पहिले दोन-तीन आठवडे त्याला काहीच येत नाही असं धरून चाला. येत असेल तर चार दिवसांत कळेलच, काही बिघडत नाही.

पहिल्या दिवशी घरी आल्या आल्या काय करायचं?

घरात घ्यायच्या आधी, म्हणजे उंबरा ओलांडायच्याही आधी, तुम्ही जी जागा ठरवली असेल तिथे न्या आणि उभे राहा. प्रवासाने तो घाबरलेला असतो त्यामुळे वेळ लागेल. लागू द्या. तिथे शू केली तर लगेच खाऊ, आणि मगच घरात.

घरात आल्यावर पट्टा काढू नका आणि "चल तुला घर दाखवू" असं करत सगळ्या खोल्यांतून फिरवू नका. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, मी पण केलीय. एवढे नवीन वास एकदम आले की कुत्रा प्रत्येक कोपऱ्यात आपली सही करत सुटतो. एक खोली, ती पण शक्यतो पुसायला सोपी. बाकीच्या खोल्या हळूहळू, जसजसा विश्वास बसेल तसतशा उघडायच्या. आणि पहिल्या दिवशी बघायला येणाऱ्यांना सरळ पुढच्या आठवड्यात या म्हणायचं.

काही कुत्रे पहिल्या दिवशी टेन्शनमुळे बराच वेळ शूच करत नाहीत. १०-१२ तास गेले तरी बऱ्याचदा नंतर करतात, पण पूर्ण दिवस उलटला आणि काहीच नाही, किंवा जोर लावतोय पण येत नाहीये असं दिसलं तर वाट बघत बसू नका, व्हेटला फोन.

दिवसातून किती वेळा बाहेर न्यायचं?

तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट वेळा. एक ढोबळ हिशोब आहे, जितके महिने वय त्यात १ मिळवा, तेवढे तास तो दिवसा जास्तीत जास्त धरू शकतो, म्हणजे ३ महिन्यांचं पिल्लू फार तर ४ तास. पण ही शेवटची मर्यादा झाली, टाइमटेबल नाही, आणि सगळ्यांची ती गाठायची ताकद नसते. नवीन आलेला ८ महिन्यांचा कुत्रा असला तरी पहिले दोन आठवडे त्याला ३ महिन्यांचा समजा आणि दर दोन-तीन तासांनी न्या.

तासांपेक्षा प्रसंग लक्षात ठेवणं मला सोपं वाटतं. झोपेतून उठला की, खाल्लं की, खूप खेळला की, कोणी येऊन गेलं की, आणि रात्री झोपायच्या आधी. खाल्ल्यावर तर हमखास, कारण पोट भरलं की खालचं आतडं आपोआप हलायला लागतं, लहान कुत्र्यांत ५ मिनिटांपासून अर्ध्या तासाच्या आत शी येते. त्यामुळेच खाण्याच्या वेळा ठरलेल्या हव्यात. दिवसभर वाडगा भरून ठेवला आणि तो येता जाता खातोय, तर शी कधी येणार हे तुम्हाला काय कोणालाच सांगता येणार नाही. वेळेवर ठेवा, १५-२० मिनिटांनी उचला.

आणि एक कागद फ्रीजवर लावा. कधी खाल्लं, कधी शू, कधी शी, घरात झालं तर कुठे आणि किती वाजता. चार-पाच दिवसांत तुम्हाला त्यात एक ठरावीक वेळ दिसायला लागते. आमच्याकडे एक कुत्री होती, चिंगी, ती रोज संध्याकाळी त्याच सुमाराला दाराजवळ करायची आणि आम्ही तिला हट्टी म्हणत होतो. कागद बघितल्यावर कळलं की तेव्हाच घरातली मुलं खेळून परत यायची, दंगा व्हायचा, आणि दुपारपासून तिला कोणी बाहेरच नेलेलं नसायचं. हट्टी आम्हीच.

बाहेर अर्धा अर्धा तास फिरवतो, काही करत नाही. घरात पाऊल टाकलं की लगेच करतो. मुद्दाम करतो का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि नाही, मुद्दाम नाही करत. पण यामागे वेगवेगळी कारणं असतात आणि आपल्या कुत्र्याचं कुठलं आहे ते ओळखायला लागतं.

एक, बाहेर त्याला भीती वाटतेय. गाड्या, आवाज, दुसरे कुत्रे. घाबरलेल्या अवस्थेत तो लक्ष ठेवण्यात गुंतलेला असतो, आणि घरात आला की एकदम सुटल्यासारखं होतं, शरीर सैल पडतं आणि सगळं मोकळं. अशा कुत्र्याला लांब फिरवू नका, दाराजवळचा सगळ्यात शांत कोपरा शोधा आणि शांत वेळा निवडा.

दोन, बाहेर एवढी मजा आहे की शू करायचं लक्षातच राहत नाही. वास, पक्षी, पाचोळा. यावर उपाय म्हणजे तुम्ही कंटाळवाणं व्हायचं. आधी ठरलेल्या जागी जा, पट्टा आखूड धरा आणि खांबासारखे उभे राहा, बोलू नका, मोबाइल बघू नका. ५ ते १० मिनिटं. काही केलं नाही तर घरी परत, पण घरात मोकळं सोडायचं नाही, पट्टा हातात किंवा क्रेटमध्ये (कुत्र्याला झोपायला मिळतो तो दाराचा पिंजरा), आणि १५ मिनिटांनी परत बाहेर. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत होतंच. कंटाळा येतो हे मान्य, पण हा कंटाळा आठवडाभराचा आहे.

तीन, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही, तुम्हीच त्याला शिकवलंय की शू केली की फिरणं संपतं. शू झाली, चला घरी, मला ऑफिसला उशीर होतोय. हुशार कुत्रा दोन दिवसांत हिशोब लावतो आणि धरून ठेवायला लागतो. म्हणून क्रम उलटा करा, आधी शू आणि मग बक्षीस म्हणून फिरणं. सकाळी घाई असेल तरी शू झाल्यावर निदान पाच मिनिटं फिरवून आणा.

चार, पूर्वी कोणी शू करताना मारलंय किंवा ओरडलंय. मग तो माणसासमोर करतच नाही, पट्टा म्हणजे माणूस दोन मीटरवर आहे, तिथे कसं करणार. याला लांब पट्टा लावा, पाठ फिरवून उभे राहा.

अजून एक बारीक गोष्ट. पुष्कळदा बाहेर थोडीशी शू होते, आपण खूश होऊन आत आणतो आणि उरलेली तो आत करतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, त्यात असं दिसलं की ३ किलोच्या वरच्या सस्तन प्राण्यांना, मग तो कुत्रा असो की हत्ती, भरलेली मूत्रपिशवी रिकामी करायला साधारण २१ सेकंद लागतात, थोडं मागेपुढे धरून. तुम्ही घड्याळ लावून बसा असं नाही म्हणत, पण सकाळी उठल्यावर तीनच सेकंद शू झाली असेल तर आत अजून शिल्लक आहे एवढं समजा आणि थांबा.

खाऊ नेमका कधी द्यायचा?

तिथेच, करून झाल्याबरोबर, एक-दोन सेकंदात. घरात येऊन डब्यातून काढून दिला तर त्याला वाटतं घरात आल्याबद्दल मिळाला. म्हणजे खाऊ खिशात हवा, कायम, सगळ्या कोटांच्या आणि पँटच्या खिशात. उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा पुरतो. आणि अर्ध्यात "शाब्बास शाब्बास" ओरडू नका, पिल्लू मध्येच थांबून तुमच्याकडे पळत येतं आणि मग उरलेली शू गालिच्यावर. करत असताना हळू आवाजात एकच ठरलेला शब्द म्हणा, "शू कर" किंवा काहीही, घरातल्या सगळ्यांनी तोच. काही आठवड्यांनी त्या शब्दावर करायला लागतो आणि धो धो पावसात याचा किती उपयोग होतो ते तेव्हाच कळतं.

शी करायच्या आधी एवढं गोल गोल का फिरतो?

नक्की एकच कारण कोणी सांगू शकत नाही, जागा हुंगणं, आजूबाजूला बघून घेणं, चालण्याने आतडं हलणं असं बरंच काही असावं. गंमत म्हणून सांगते, २०१३ मध्ये ७० कुत्र्यांचं निरीक्षण करून एका गटाने म्हटलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असताना कुत्रे उत्तर-दक्षिण दिशेत बसणं पसंत करतात, आणि त्याबद्दल त्यांना २०१४ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीशीर बक्षीस, मिळालं. तुम्हाला याचा उपयोग एवढाच की घरात नाक जमिनीला लावून गोल फिरायला लागला, खेळता खेळता एकदम थांबला, किंवा गुपचूप दुसऱ्या खोलीकडे निघाला, की हातातलं काम टाकून त्याला उचला आणि पळा.

घरात केलं तर नाक घासायचं ना त्यात? आमच्या आधीच्या कुत्र्याला असंच शिकवलं होतं.

नाही. तो शिकला असेल तर त्यामुळे नाही, ते होऊनसुद्धा शिकला. शू होऊन दहा मिनिटं झाल्यावर रागावणं म्हणजे वरातीमागून घोडं आहे, कुत्र्याला एवढंच समजतं की शू आणि माणूस एका खोलीत असले की मार बसतो. यातून तो घरात करायचं थांबवत नाही, तुमच्यासमोर करायचं थांबवतो. मग सोफ्यामागे, पलंगाखाली, पाहुण्यांच्या खोलीत. आणि बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही, म्हणजे वरचा चौथा प्रकार तयार.

"पण त्याला कळतं, आम्ही आलो की मान खाली घालून चोरासारखा बघतो" हे मला प्रत्येक जण सांगतो. यावर कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. १४ कुत्रे, प्रत्येकाला मालकाने खाऊ खायचा नाही म्हणून बजावलं आणि खोलीबाहेर गेला. परत आल्यावर मालकांना कधी खरं, कधी खोटं सांगण्यात आलं. तो अपराधी चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. उलट काहीच न केलेल्या कुत्र्यांनी रागावल्यावर तो चेहरा जास्त केला. म्हणजे तो पश्चात्ताप नाही, "आता हा ओरडणार, मला सांभाळून राहू दे" एवढंच आहे.

मग डोळ्यासमोर करताना पकडलं तर?

"अरे अरे, चल चल" असं नेहमीच्या आवाजात म्हणत लगेच बाहेर न्या, उरलेलं बाहेर झालं तर खाऊ. किंचाळायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, घाबरट कुत्रा असेल तर त्यानेच सगळं बिघडतं. आणि मागून सापडलं तर गपचूप पुसा. स्वतःवर चिडायचं असेल तर चिडा, कारण लक्ष आपलं नव्हतं.

दिवसभर डोळ्यात तेल घालून कसं बघणार? आम्हाला कामं आहेत.

बघायला लागू नये अशी सोय करा. मला आवडणारा उपाय म्हणजे पट्ट्याचं दुसरं टोक आपल्या कमरेला बांधायचं. तुम्ही स्वयंपाकघरात तर तो स्वयंपाकघरात. तो अस्वस्थ झाला की लगेच कळतं आणि लपून करायची संधीच मिळत नाही. पहिल्या दिवशी चार वेळा अडखळाल, नंतर सवय होते.

ते शक्य नसेल तेव्हा क्रेट किंवा बेबी गेट लावून केलेला छोटा कोपरा. क्रेट एवढाच हवा की त्यात उभा राहील, वळेल आणि पाय पसरून झोपेल. त्याहून मोठा घेतला की एका टोकाला शू आणि दुसऱ्या टोकाला झोप असं चालू होतं. पण दार लावून पहिल्याच दिवशी चार तास कोंडायचं नाही. आधी दार उघडं, आत खाऊ, आत जेवण, मग दोन मिनिटं दार बंद, मग दहा. शिक्षा म्हणून तर कधीच नाही.

आणि काही दत्तक कुत्र्यांसाठी क्रेट चालतच नाही हेही सांगते. जो कित्येक महिने पिंजऱ्यात राहिलाय आणि नाइलाजाने तिथेच करत आलाय त्याची "झोपायची जागा घाण करायची नाही" ही उपजत सवयच मोडलेली असते. किंवा बंद केलं की तो लाळ गाळतो, दार ओरबाडतो. अशाला जबरदस्ती करू नका, कमरेचा पट्टा आणि गेट यावरच चालवा, वेळ जास्त लागेल.

रात्री उठायला लागतं का?

४ महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर हो, एकदा, कधी दोनदा. झोपेत शरीर कमी शू बनवतं त्यामुळे रात्री दिवसापेक्षा जास्त वेळ निघतो. मोठा असेल तर पहिले काही दिवसच. त्याला तुमच्या खोलीत झोपवा म्हणजे चुळबुळ ऐकू येते. उठवलं तर दिवा कमी, बोलणं नाही, खेळ नाही, शू आणि परत झोप, नाहीतर पहाटे तीनला खेळायची सवय लागते आणि ती मोडताना नाकी नऊ येतात.

पाणी कमी दिलं तर शू कमी होईल ना?

दिवसा पाणी तोडू नका, कृपया. कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं, उन्हाळ्यात आणि कोरडं खाणं असेल तर जास्त. झोपायच्या तासभर आधी वाडगा उचलला तर चालतं, तेही कुत्रा धडधाकट असेल आणि हवा गरम नसेल तर. आणि तो खूपच पाणी पितोय असं वाटत असेल तर तो व्हेटला सांगायचा मुद्दा आहे, वाडगा लपवायचा नाही.

रोज जंतुनाशक टाकून पुसतो तरी त्याच जागी करतो.

कारण आपल्याला जो वास गेला असं वाटतं तो त्याला गेलेला नसतो. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख, कुत्र्याच्या नाकात २० ते ३० कोटी. तुम्ही लिंबाचा वास टाकता, तो म्हणतो छान, माझ्या शूच्या जागेला लिंबाचा वास येतोय.

एन्झाइमवाला क्लीनर आणा, पाळीव प्राण्यांसाठी म्हणून मिळतो. शूमधले वास देणारे घटक तो तोडतो, नुसते झाकत नाही. पद्धत महत्त्वाची आहे, आधी टिपकागदाने दाबून सगळी शू शोषून घ्या, घासू नका, मग क्लीनर भरपूर ओता, शू जिथपर्यंत मुरली तिथपर्यंत तो गेला पाहिजे, आणि बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ तसाच ओला राहू द्या. लोक फवारतात आणि लगेच पुसतात, मग म्हणतात उपयोग नाही. त्याच जागेवर आधी फिनाईल किंवा ब्लीच टाकलेलं असेल तर एन्झाइम नीट काम करत नाहीत, आधी साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्या.

अमोनियावालं काही वापरू नका, त्याचा वास शूच्या वासाशी जुळतो आणि तुम्ही स्वतःच तिथे बोर्ड लावल्यासारखं होतं. ताज्या शूवर ब्लीच ओतायचं तर नाहीच, त्यातून घातक वाफा निघू शकतात. जुने डाग सापडत नसतील तर खोली अंधारी करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा, वाळलेली शू चमकते. मी पहिल्यांदा मारला तेव्हा आमच्या पुस्तकांच्या कपाटाची खालची बाजू बघून हसू की रडू कळेना.

गादी, उशी, पायपुसणी यातलं जे उचलता येतं ते महिनाभर उचलूनच ठेवा.

पी पॅड (घरात अंथरायचे, शू शोषून घेणारे चौकोन) वापरले तर चालेल?

चालेल, पण कशासाठी ते ठरवा. वरच्या मजल्यावर राहता, लसीकरण अपुरं आहे, घरात म्हातारं माणूस एकटं आहे, अशा वेळी पॅड ठीक. पण शेवटी बाहेरच करायला हवं असेल तर पॅड म्हणजे एक जास्तीची पायरी, आधी तुम्ही त्याला शिकवणार घरात या मऊ चौकोनावर कर आणि मग शिकवणार घरात करू नको. पायपुसणं आणि पॅड यात त्याला फारसा फरक दिसत नाही. वापरत असाल तर एकच जागा ठेवा, रोज थोडा थोडा दाराकडे सरकवा, मग दाराबाहेर, मग बंद.

लसीकरण पूर्ण नाही. बाहेर कसं नेणार?

पिल्लांच्या लसी साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतात आणि १६ आठवडे किंवा त्यानंतरपर्यंत काही आठवड्यांच्या अंतराने चालतात. भीती मुख्यतः पार्व्होची असते, त्याने पिल्लांना जिवावर बेतणारे जुलाब-उलट्या होतात आणि तो विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणून जिथे बरेच अनोळखी कुत्रे येतात ती जागा नको. स्वतःचं अंगण, गच्ची, किंवा मोठ्या ट्रेमध्ये माती किंवा गवताचा तुकडा ठेवून बाल्कनीत सोय करता येते. माती पायाला लागली की पुढे बाहेर शिकवणं सोपं जातं. तुमच्या भागात किती धोका आहे हे व्हेट सांगेल.

पाहुणे आले की थोडीशी शू सुटते. आणि दुसरा आहे तो सोफ्याच्या पायाला तंगडी वर करतो.

या दोन्ही गोष्टी ट्रेनिंगच्या नाहीतच खरं तर. पहिली म्हणजे आनंदाने किंवा दबून जाऊन सुटणारी शू. कान मागे, अंग चोरलेलं, पोट वर. त्याला कळतही नाही आपण करतोय. रागावलात तर वाढते. पाहुण्यांना सांगा दारात त्याच्याकडे बघू नका, वाकून डोक्यावरून हात फिरवू नका, तो शांत झाला की बाजूला बसून हनुवटीखाली खाजवा. बहुतेकांची वर्षाच्या आसपास आपोआप जाते.

दुसरं म्हणजे मार्किंग, आपल्या वासाची खूण सोडणं. थोडीशी शू, उभ्या वस्तूवर, परत परत. साधारण ६ महिने ते वर्ष या वयात सुरू होतं, नरांत जास्त, पण माद्याही करतात. नसबंदीने पुष्कळ कुत्र्यांत कमी होतं, सगळ्यांत नाही, आणि सवय जुनी असेल तर त्यानंतरही राहते. नसबंदी कधी करायची ते व्हेटला विचारा, घरात मात्र बाकी सगळं तसंच, लक्ष, पट्टा, एन्झाइम क्लीनर.

दाराला घंटी लावून शिकवतात ते खरं आहे का?

खरं आहे, सोपंही आहे, प्रत्येक वेळी बाहेर जाताना त्याच्या नाकाने किंवा पंजाने घंटी वाजवायची. फक्त थोड्या दिवसांनी तो कंटाळा आला म्हणून पण वाजवणार. वाजली की शूच्या जागी पाच मिनिटं, बाकी फिरणं नाही, एवढं पाळा.

आम्ही दोघंही ८-९ तास बाहेर असतो.

मग मधे कोणीतरी यायला हवं, यावर युक्ती नाही. मोठा कुत्रा सवयीने तेवढा वेळ धरतो पण त्यालाही त्रासच होतो, आणि लहानाकडून अपेक्षाच ठेवू नका. शेजारी, नातेवाईक, पैसे देऊन येणारा डॉग वॉकर, काहीतरी बघा. दत्तक घेतल्यावर पहिले आठ-दहा दिवस सुट्टी काढता आली तर सगळ्यात उत्तम.

हे आजारपण आहे का सवय, कसं ओळखायचं?

दर अर्ध्या तासाला थोडी थोडी शू, शूला लालसर रंग किंवा खूप उग्र वास, करताना कण्हणं, सारखं तिथेच चाटणं, ही मूत्रमार्गाच्या संसर्गाची लक्षणं असू शकतात, माद्यांमध्ये जास्त दिसतो कारण त्यांचा मूत्रमार्ग आखूड असतो. झोपेत अंथरूण ओलं होणं किंवा तरुण मादीला कायम थेंब थेंब गळत राहणं हे वेगळं, त्यात कधी कधी मूत्रवाहिनी जन्मतःच चुकीच्या जागी जोडलेली असते. कितीही ट्रेनिंग केलं तरी हे सुधारणार नाही. शी पातळ असेल तर नमुना घेऊन जा, दत्तक कुत्र्यांत जंत आणि जिआर्डिया (आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी) सर्रास असतात, शिवाय खाणं एकदम बदललं तरी पोट बिघडतं, म्हणून जुनं खाणं आणि नवीन खाणं आठवडाभर मिसळून द्या. स्टेरॉइडची औषधं चालू असतील तर तहान आणि शू दोन्ही वाढतात.

लहान पिल्लाला उलट्या आणि रक्ताची शी, किंवा कुठल्याही कुत्र्याला जोर लावूनही शू न होणं, हे उद्यावर ढकलायचं नाही. त्याच क्षणी दवाखाना.

स्वतःची शी खातो, ई.

ई आहेच, पण आश्चर्य नाही. झाल्या झाल्या उचला, त्याला खाऊ दाखवून बाजूला घ्या. ओरडलात तर पुरावा नष्ट करायला जास्त घाईने खातो. खूप बारीक असेल आणि सारखं करत असेल तर जंत बघून घ्या.

दोन महिने एकदम छान गेले आणि आता परत सुरू. येरे माझ्या मागल्या! किती दिवस लागतात एकूण?

एकही अपघात न होता सलग दोन महिने गेले की मी म्हणते साधारण जमलं. तरुण दत्तक कुत्र्याला काही आठवडे लागतात, लहान पिल्लाला ६ महिन्यांचं होईपर्यंत, काहींना वर्षापर्यंत. दत्तक कुत्र्यांबद्दल ३-३-३ असं म्हणतात, ३ दिवस बावरलेला, ३ आठवड्यांत रुटीन कळतं, ३ महिन्यांत घर आपलं वाटतं. नियम नाही तो, अंदाज आहे, पण बऱ्यापैकी जुळतो.

परत सुरू झालं की आधी व्हेट, मग घरात काय बदललं ते आठवा. बहुतेक वेळा उत्तर असं असतं की जमलंय म्हणून आपणच ढिले पडलो, खाऊ बंद केला, दुपारची फेरी सोडली, सगळ्या खोल्या एकदम उघडल्या. चिंगीचं पण तिसऱ्या महिन्यात असंच झालं होतं. आठ दिवस परत पट्टा कमरेला, परत फ्रीजवर कागद, आणि गाडी रुळावर.

नवीन जागी, म्हणजे कोणाच्या घरी राहायला गेलात, घर बदललंत, तर हे सगळं परत पहिल्यापासून पण खूप कमी दिवसांत करावं लागतं. आधी बाहेरची जागा दाखवायची, मग दारातून आत, आणि पट्टा हातातच. यजमानांच्या गालिच्यावर तर विशेष लक्ष.